ओठ डॉक्टर शिवतील, धीर गावाने द्यायचा

गावात बाळ जन्मले की दुसऱ्या दिवसापासून त्या घरी रीघ लागते. कुणी डिंकाचे लाडू आणते, कुणी अंगडे-टोपडे. पण बाळाचा वरचा ओठ फाटलेला असला की त्याच घराला आतून कडी लागते. बारसे लांबते. "पोरगं जरा नाजूक हाय, नजर नको लागायला," असे सांगून शेजारणीला उंबऱ्यावरूनच परत पाठवले जाते. आई आत बसून पदराने बाळाचे तोंड झाकत असते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, असे एखादे घर तुमच्याही पाहण्यात असेल. या पानावर आपण पीक, पाणी, कर्ज आणि बाजारभाव यांविषयी नेहमी बोलतो. आज जरा माणसाच्या चेहऱ्याविषयी बोलू. फाटलेला ओठ, दुभंगलेली टाळू, भाजून आखडलेली मान किंवा बोटे, या सगळ्यांवर ऑपरेशन होते. सरकारी योजनेतून, सेवाभावी संस्थांमार्फत ते फुकटही होते. तरीही माणसे वर्षानुवर्षे घरात दडून राहतात. अनेक घरांत गाडे पैशापाशी अडत नाही, धीरापाशी अडते. आणि धीर काही औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, गावाने द्यायचा असतो.

दोष कुणाचाच नाही

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घ्या. आईच्या पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी तयार होत होत मधोमध जुळतो. ओठ गरोदरपणाच्या साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. काही बाळांत ही जुळणी अर्धवट राहते. मग ओठाला फट राहते, कधी टाळूला, कधी दोन्हीला. जगभरात साधारण ७०० ते १,००० जन्मांमागे एक बाळ असे असते. म्हणजे मोठ्या गावात किंवा दोन-चार वाड्यावस्त्या मिळून अशी एक-दोन माणसे असणारच.

आता आपल्याकडची समजूत बघा. "ग्रहणात विळी हातात धरली आसंल, म्हणून लेकराचा ओठ कापला." हे वाक्य सासू बोलते, नणंद बोलते, कधी स्वतः नवराही बोलतो. पण ज्या देशांत ग्रहण कुणी पाळतच नाही तिथेही अशी मुले जन्मतात. आपल्याकडे ग्रहणात दिवसभर पाण्याचा थेंब न घेता अंधाऱ्या खोलीत बसलेल्या बाईलाही असे बाळ होते. शिवाय ओठ जुळण्याचे ते दोन-तीन आठवडे इतके सुरुवातीचे असतात, की पुष्कळ बायकांना तेव्हा आपण गरोदर आहोत हेही कळलेले नसते. मग विळी धरल्याचा दोष कसला देता?

कारणे वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. काही वेळा रक्तातून, म्हणजे अनुवंशाने येते. आईचे धूम्रपान, फिट्सवरची काही औषधे, आईला आधीपासून असलेला मधुमेह, यांमुळे धोका वाढतो. म्हणून फिट्सची गोळी चालू असलेल्या सुनेने मूल हवे असेल तेव्हा आधीच डॉक्टरांना विचारावे, मनाने गोळी बंद करू नये. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, ती दिवस राहण्याआधीपासून सुरू केलेली चांगली. तंबाखू आणि मिश्री तर गरोदर बाईने दूरच ठेवावी. पण हे सगळे पाळूनही असे बाळ जन्मू शकते. तेव्हा आईला बोल लावणे आधी थांबवा. ज्या आईला रोज टोमणे ऐकावे लागतात, ती बाळाला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या कशी चढणार?

ही विद्या आपल्या मातीतली

"प्लॅस्टिक सर्जरी" म्हटले की कित्येकांना वाटते, चेहऱ्यावर प्लॅस्टिक बसवतात. तसे नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणे, घडवणे असा आहे. कुंभार चिखलाला आकार देतो तसेच.

कुंभाराचे नाव उगाच काढले नाही. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकात आपल्या पुण्याजवळची एक हकीकत चित्रासह छापून आली. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायच्या कामावर होता. टिपू सुलतानाच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिनानाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कुंभार जातीच्या माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या मापाचा केला, तो कपाळावर ठेवून रेघ आखली. तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांच्या मधला एक पदर तसाच ठेवून, ती खाली वळवली आणि नाकाच्या जागी जुळवली. दोन इंग्रज डॉक्टरांनी हे डोळ्यांनी पाहिले. ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने पुढे १८१४ मध्ये तसेच ऑपरेशन केले, आणि युरोपात ही पद्धत रुजली. सुश्रुताच्या ग्रंथातही नाक आणि कान दुरुस्त करण्याचे वर्णन आहे.

आता यातली एक गोष्ट तुम्हा शेतकऱ्यांना लगेच कळेल. ती कातडी पूर्ण तोडून दुसरीकडे चिकटवली नव्हती. रक्त चालू राहावे म्हणून एक पदर मूळ जागी जोडलेला ठेवला होता. आंब्याचे भेटकलम बांधताना फांदी मूळ झाडाला तशीच ठेवतो आणि जीव धरल्यावर कापतो, तोच हा प्रकार.

आपल्या राज्याचे आणखी एक नाव घ्यायला हवे, डॉ. शरदकुमार दीक्षित. जन्माने पंढरपूरचे, पोटासाठी अमेरिकेत गेलेले. १९६८ पासून ते दरवर्षी भारतात येऊन मोफत प्लॅस्टिक सर्जरी शिबिरे घेऊ लागले. १९७८ मध्ये मोटार अपघातात त्यांचे अर्धे अंग लुळे पडले, पुढे घशाचा कर्करोग झाला. तरी चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी ऑपरेशने चालू ठेवली. फाटलेले ओठ, तिरळे डोळे, पडलेल्या पापण्या, चेहऱ्यावरचे व्रण, अशी हजारो माणसे त्यांच्या शिबिरांतून बरी होऊन घरी गेली. २०११ मध्ये ते वारले. तुमच्यापैकी ज्येष्ठांनी अशी शिबिरे पाहिली असतील. तिथली रांग आठवा. जन्मभर गावात "फाटक्या ओठाचा" म्हणून एकटा पडलेला माणूस त्या रांगेत उभा राहिला की त्याच्या पुढे-मागे त्याच्यासारखीच शंभर माणसे असत. "मी एकटाच असा नाही" हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा दिसे. भीती निम्मी तिथेच उतरत असेल.

पिंकीच्या घरी कुणीतरी गेले म्हणून

धीर काय करू शकतो याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यातील एका खेड्यात पिंकी सोनकर नावाची पाच-सहा वर्षांची मुलगी होती. जन्मापासून ओठ फाटलेला. बाकीची पोरे तिला खेळायला घेत नसत. घर गरीब, ऑपरेशन होते हे माहीत नाही, आणि माहीत झाले तरी पैसा कुठला आणायचा? तेव्हा वाराणसीच्या एका रुग्णालयातील डॉ. सुबोधकुमार सिंह ही ऑपरेशने मोफत करत होते. त्यांचा एक समाजसेवक, पंकज, खेडोपाडी फिरून अशी मुले शोधायचा, घरच्यांशी बोलायचा. तो पिंकीच्या घरी पोचला. पुढे ऑपरेशन झाले.

या मुलीवर मेगन मायलन या अमेरिकन बाईंनी 'स्माइल पिंकी' नावाचा लघुमाहितीपट केला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला ऑस्कर पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये हीच पिंकी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात नाणेफेक करायला मैदानावर उभी होती.

ऑस्कर आणि विम्बल्डन सोडून द्या, ते सगळ्यांच्या नशिबी नसते. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की दवाखाना होता, डॉक्टर होता, ऑपरेशन फुकट होते. कमी होता तो उंबरठा ओलांडून त्या घरात जाणारा माणूस. तुमच्या गावात तो माणूस कोण?

धीर कुणी द्यायचा, कसा द्यायचा

पहिला मान आशाताईंचा. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी त्या घरी भेटी देतातच. बाळाचे तोंड झाकलेले असले तरी त्यांना बघू द्या. टाळूची फट बाहेरून दिसत नाही. तेव्हा दूध नाकातून येते का, बाळ चोखताना दमते का, हे त्यांना मोकळेपणी सांगा.

दुसऱ्या अंगणवाडीताई आणि शाळेचे गुरुजी. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचे आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, निमसरकारी शाळेत वर्षातून एकदा मुले तपासते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले त्यात येतात, आणि दुभंगलेला ओठ व टाळू हा दोष त्यांच्या यादीत आहे. पण पथक येणार त्या दिवशी नेमके ते मूल घरी ठेवले जाते. "पोरं हसतील" म्हणून. गुरुजींनी आदल्या संध्याकाळी त्या घरी चक्कर मारली, "उद्या मी स्वतः त्याच्या शेजारी उभा राहतो," एवढे सांगितले, तरी काम होते.

तिसरा आणि सगळ्यात मोलाचा माणूस म्हणजे आधी ऑपरेशन झालेला. हजार वेळा डॉक्टरांनी समजावले तरी पटत नाही ते अशा माणसाच्या एका भेटीत पटते. पंचक्रोशीत असा कुणी असेल तर त्याला चहाला बोलवा. त्याच्या ओठावरची बारीक रेघ आईला बघू द्या. त्याला बोलू द्या, दोन घास खाऊ द्या. तो सांगेल तिथे दुखले किती आणि कधी थांबले, आणि ते ऐकून आईचा हात पदरावरून खाली येईल. ओळखीचा कुणी नसेल तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना विचारा. आपल्यासारख्याच दुसऱ्या कुटुंबाची गाठ ते घालून देऊ शकतात.

आता बोलायचे कसे? "काही नाही हो, एवढंसं तर ऑपरेशन," असे म्हणू नका. ज्याचे लेकरू टेबलावर जाणार त्याला ते एवढेसे नसते. "आता केलं नाही तर पोरीचं लग्न कोण करील," असा धाकही घालू नका. त्यापेक्षा, "तुम्हाला कशाची भीती वाटते ते सांगा, आपण डॉक्टरांनाच विचारू," हे बोलणे कामी येते. आणि सगळ्यात उपयोगाचे वाक्य म्हणजे, "मी येतो बरोबर." दवाखान्यात जाताना एस.टी.च्या खिडकीशी आईच्या शेजारी बसलेला माणूस हाच खरा धीर.

घरातल्या कर्त्या पुरुषालाही एक सांगणे आहे. पंधरा दिवस आई बाळापाशी दवाखान्यात अडकली तर घरी धारा कोण काढणार, शेळ्या कोण सोडणार, दुसऱ्या लेकरांना भाकरी कोण थापून देणार, ही तिची निम्मी काळजी असते. हे प्रश्न आधीच सोडवा. शेजाऱ्याने दोन वेळा जनावरांना वैरण टाकली तरी त्या ऑपरेशनात त्याचा हात लागला असे समजा.

वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही

पहिला पाऊस पडला की लगेच तिफण धरत नाही, वाफसा येऊ देतो. बाळाचेही तसेच. फाटलेला ओठ सामान्यतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात शिवतात. डॉक्टर लोकांचा एक जुना ढोबळ नियम आहे. बाळ किमान १० आठवड्यांचे, वजन १० पौंड म्हणजे साधारण साडेचार किलो, आणि हिमोग्लोबिन १०. टाळूचे ऑपरेशन त्यानंतर, साधारण ९ ते १८ महिन्यांत करतात, म्हणजे मूल नीट बोलू लागण्याआधी.

तेव्हा ऑपरेशनाआधीचे खरे काम घरातच असते, ते म्हणजे बाळाचे वजन वाढवणे. फक्त ओठाला फट असेल तर बहुतेक बाळे अंगावर पिऊ शकतात. टाळूला फट असेल तर चोखण्याची ओढ तयार होत नाही. अशा वेळी आईचे दूध काढून स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा. बाळाला आडवे न ठेवता उभे धरून, थोडे थोडे, मध्ये मध्ये ढेकर काढत पाजा. वेळ लागतो, आई कंटाळते. अशा वेळी आजीने किंवा आत्याने एखादी पाळी आपल्याकडे घेतली तर आईला श्वास मिळतो. दर आठवड्याला अंगणवाडीत वजन करा. लसीकरण चुकवू नका.

ऑपरेशनाच्या तारखेला बाळाला सर्दी, खोकला, ताप असेल तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. त्यावर चिडू नका. भूल देण्याच्या दृष्टीने ते बाळाच्या भल्याचेच असते.

आणि एक फार महत्त्वाची गोष्ट. भूल देण्याआधी पोट रिकामे लागते. साधारणपणे आईचे दूध ४ तास आधी, वरचे दूध व अन्न किमान ६ तास आधी, आणि साधे पाणी २ तास आधी बंद करतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ हीच शेवटची. "लेकरू कवापासनं उपाशी हाय," म्हणून कळवळून आजी वऱ्हांड्यात गुपचूप दोन चमचे दूध पाजते. माया खरी, पण भुलेत ते दूध उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. चुकून पाजलेच असेल तर लपवू नका, लगेच नर्सबाईंना सांगा. तारीख बदलेल, पण बाळ सुखरूप राहील.

डॉक्टरांना हे विचारा

विचारल्याने डॉक्टर रागावतील असे पुष्कळांना वाटते. विचारणे हा तुमचा हक्क आहे. घरून कागदावर लिहून न्या, कारण तिथे गेल्यावर आठवत नाही.

१) हे ऑपरेशन कोण करणार? ते प्लॅस्टिक सर्जन किंवा अशा ऑपरेशनांचा अनुभव असलेले सर्जन आहेत का?
२) भूल कोण देणार? लहान मुलांना भूल देण्याची सोय इथे आहे का?
३) धोका काय? तो किती वेळा होतो?
४) ऑपरेशननंतर चेहरा कसा दिसेल? व्रण किती राहील?
५) एकाच ऑपरेशनात भागेल की पुढे आणखी करावी लागतील?
६) किती दिवस राहावे लागेल? बरोबर कितीजण राहू शकतात?
७) परत दाखवायला कधी यायचे?

उत्तर कळले नाही तर "साहेब, पुन्हा एकदा सोप्या भाषेत सांगा," असे म्हणा. संमतीचा कागद वाचून घेतल्याशिवाय, किंवा वाचता येत नसेल तर वाचून दाखवून घेतल्याशिवाय सही-अंगठा करू नका.

भाजलेल्या बाईचे दुःख

बाळाच्या बाबतीत निर्णय आई-वडील घेतात. पण भाजलेल्या मोठ्या माणसाचे तसे नाही. स्टोव्हचा भडका, आंघोळीचे उकळते पाणी, गुऱ्हाळाची कढई, शेतातली वीज, अशा कारणांनी भाजलेली माणसे वाचतात, पण कातडी आखडते. हनुवटी छातीकडे ओढली जाते, बोटे वळत नाहीत, कोपर सरळ होत नाही. बाई मग हळदी-कुंकवाला जात नाही, लग्नाला जात नाही, पाणी भरायलाही दिवस मावळल्यावर जाते.

अशा आखडलेल्या जागा ऑपरेशनने मोकळ्या करता येतात. बहुधा मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावतात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते. पण नंतर पट्टा बांधणे, दाबाचे कपडे घालणे, तेल चोळणे आणि व्यायाम हे महिनोन्‌महिने करावे लागते. ते टाळले तर कातडी पुन्हा आखडते. हे ऑपरेशनाच्या आधीच सांगितले पाहिजे. "जशी होतीस तशी होशील," असे खोटे आश्वासन देऊ नका. मान वळेल, हात चालेल, व्रण कमी दिसेल. पूर्ण पुसला जाणार नाही. खरे ऐकून तयार झालेली बाई पुढचे व्यायामही नेटाने करते. खोटे ऐकलेली पट्टी सोडल्यावर आरसा बघून खचते.

आणखी एक. धीर देणे म्हणजे ढकलणे नव्हे. मोठ्या बाईचे किंवा बाप्याचे ऑपरेशन त्यांच्या स्वतःच्या मनाने व्हावे. सासरच्यांना लाज वाटते म्हणून नव्हे, आणि "आता काय करायचंय त्या वयात" म्हणून अडवूही नये. तिने महिनाभर विचार करायचा म्हटले तर करू द्या. ती "नको" म्हणाली तर त्यानंतरही तिला हळदी-कुंकवाचे बोलावणे गेले पाहिजे. चेहरा दुरुस्त झाला तरच माणूस आपला, असा गावाचा हिशेब असू नये.

कुणी मुद्दाम अ‍ॅसिड टाकून चेहरा विद्रूप केला असेल तर ती बाब गुन्ह्याची आहे. पोलीस पाटलांनी ती दडपू देऊ नये. अशा पीडित महिलांसाठी राज्याची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला भेटा आणि आपले ऑपरेशन यादीत बसते का ते दाखल होण्याआधीच विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. लहान बाळाचा जन्मदाखला काढून ठेवा आणि त्याचे नाव रेशनकार्डावर चढवून घ्या. पुष्कळांचे काम याच एका कागदापायी रखडते. ओठ-टाळूच्या ऑपरेशनांसाठी स्माइल ट्रेन ही संस्था २००० सालापासून आपल्या देशातल्या रुग्णालयांमार्फत मोफत ऑपरेशने करवून देते. जवळचे असे रुग्णालय कोणते ते जिल्हा रुग्णालयात कळेल.

निव्वळ देखणेपणासाठी, म्हणजे धडधाकट नाक आणखी सरळ करायला वगैरे, सरकारी योजनेचा पैसा मिळत नाही. ते करायचे असल्यास स्वतःच्या खर्चाने, पण डॉक्टर प्लॅस्टिक सर्जरीतली पदवी घेतलेला आहे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेत त्याची नोंदणी आहे हे बघूनच. आणि "शिबिरात नंबर लावून देतो, इतके द्या," म्हणणारा कुणी भेटला तर त्याला वाट दाखवा.

शिवले म्हणजे संपले नाही

टाके घातल्यानंतर ओठ सुजतो, आणि काही महिने रेघ लालसर दिसते. ती पुढे फिकट होत जाते. बाळाचे हात तोंडात जाणार नाहीत हे बघावे लागते. काही ठिकाणी त्यासाठी कोपराला पट्टी बांधतात. ती काढू नका. टाळू शिवलेल्या मुलाला बोलण्याचा सराव लागतो. त्याचे कान वरचेवर फुटतात, ऐकू कमी येते, म्हणून कानही तपासून घ्यावे लागतात. हिरडीत फट असेल तर आठ-दहा वर्षांच्या वयात तिथे हाड भरण्याचे छोटे ऑपरेशन करतात. म्हणजे हे काम ऊस लावण्यासारखे आहे. लागण करून घरी बसता येत नाही, पाण्याच्या पाळ्या सांभाळाव्या लागतात.

वय उलटून गेले म्हणून निराश होऊ नका. मोठ्या माणसाचाही ओठ शिवता येतो. टाळूचे ऑपरेशन उशिरा झाले तर बोलणे पूर्ण स्पष्ट होईलच असे नाही. म्हणून तर लहानपणी करण्याची घाई.

ग्रामसभेत हा विषय घ्या

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि मुख्याध्यापक यांना शेवटी विनंती. येत्या ग्रामसभेनंतर आशाताई आणि अंगणवाडीताईंना बरोबर घेऊन एक साधी यादी करा. गावात ओठ फाटलेले, टाळू दुभंगलेली, भाजून आखडलेली माणसे किती? लहान किती, मोठी किती? यादी भिंतीवर लावू नका, नावे सभेत वाचून दाखवू नका. ती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. मग प्रत्येक घरामागे एक माणूस ठरवा, जो त्या घरी जाईल, ऐकून घेईल आणि पहिल्या तपासणीला बरोबर जाईल. बचत गटाच्या महिला हे काम चांगले करू शकतात. गाडीभाड्याचे चार पैसे लोकवर्गणीतून उभे राहतात.

शाळेत मुख्याध्यापकांनी एक करावे. व्यंगावरून नाव पाडून हाक मारण्याची खोड मोडून काढावी. ओठ डॉक्टर शिवतील, पण चौथीत मिळालेले टोपणनाव कुठलाही सर्जन काढू शकत नाही.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. विहीर, रस्ता, बंधारा गावाने मिळून केलाच ना? मग एका लेकराला दवाखान्यापर्यंत पोचवणे काही जड नाही. यंदाच्या सुगीआधी आपल्या गावातले एक तरी नाव या यादीतून कमी झाले पाहिजे. कुठल्या घरी जायचे ते तुम्हाला माहीत आहे.